साडूंच्या खुंट्या

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोहाडी आणि तुमसर तालुक्यांत ज्यांची ज्यांची लग्नं लागली, त्यांतल्या निम्म्या नवरदेवांना आमच्या साडूंनी कमळातून बाहेर काढलेलं आहे आणि उरलेल्या निम्म्यांना चंद्रावर बसवलेलं आहे. नवऱ्या मुलींवर त्यांनी आभाळातून इतक्या पाकळ्या पाडल्या की तेवढे गुलाब उभ्या भंडारा जिल्ह्यात कधी फुलले नसतील. आपल्याकडे पिकतो धान. पण साडूंच्या व्हिडिओत धानाचं एक रोप दिसत नाही. तिथे बारमाही धबधबे, हंस, मोर आणि बर्फाचे डोंगर. सिहोऱ्याच्या एका शेतकऱ्याची वरात त्यांनी थेट बर्फातून नेली होती, आणि वरातीतली मंडळी मात्र घामाघूम होऊन उपरण्यानं वारा घेत होती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोहाडीच्या बाजाररस्त्यावर खताच्या दुकानाच्या वर त्यांची एक खोली आहे. लग्नाचं शूटिंग तेच करतात आणि पुढचं एडिटिंगही एकट्यानंच. मी जवळच्या गावात शिक्षक. शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझी गाडी आपोआप त्यांच्या जिन्यापाशी थांबते. ते वयानं मोठे, तरी मला 'गुरुजी' म्हणतात आणि मी त्यांना 'भाऊ'.

त्यांच्या कलेचं मर्म ज्याला कीफ्रेम म्हणतात त्यात आहे. साडू त्याला 'खुंटी' म्हणतात. पडद्यावर खालच्या बाजूला लांबलचक पट्ट्या असतात, त्यांवर बारीक बारीक ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक खुंटी. मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"असं समजा गुरुजी, तुमचा बैल सकाळी गोठ्यात होता अन् दुपारी तळ्यावर दिसला. मधात कसा गेला, तुम्ही पाह्यलं काय? नाही. पण गेला ना! तसंच हे. इथं खुंटी ठोकली का पाकळी वर आहे, तिथं ठोकली का पाकळी खाली आहे. मधातलं संगणक पाहून घेते."

"मग तुम्हाला काम काय उरलं?"

"तेच तर! संगणक बैलाले सरळ रेषेत नेते. बैल कुठं सरळ जाते? तो धुऱ्याधुऱ्यानं जाते, थांबते, कोणाच्या बांधीतल्या धानात तोंड घालते. ते खरं वाटाचं असन तर मधात खुंट्याच खुंट्या ठोका लागतात."

अशा खुंट्या ते एका वेळी पाच-सहा पट्ट्यांवर ठोकतात. पाकळ्या पडायला लागणं, चंद्र उगवणं, चेहरा जवळ येणं, अक्षरं उमटणं आणि सनईचा सूर चढणं, हे सगळं एकाच क्षणी येऊन मिळालं पाहिजे. तो क्षण हुकला की साडूंना अन्न गोड लागत नाही. एका सेकंदात पंचवीस फ्रेम, हा हिशोब त्यांच्या रक्तात इतका भिनला आहे की "चहा झाला का?" असं घरात विचारलं आणि बायकोनं "एक मिनिट" म्हटलं, तर हे "म्हणजे पंधराशे" असं पुटपुटतात. मेहुणीबाई म्हणतात, "यायले भाजीत मीठ कमी चालते, पण फ्रेम कमी नाही चालत."

एकदा तर ते लग्न लावणाऱ्या महाराजांशीच भांडले. 'सावधान'च्या शेवटच्या अक्षरावर दोन हंसांच्या चोची जुळायच्या, हा त्यांचा नेम. महाराजांनी त्या दिवशी सूर जरा लांबवला.

"महाराज, मागच्या लग्नात तुमचं सावधान साडेतीन सेकंदाचं होतं. आज पाच सेकंदाचं काहून झालं? माझे हंस तिथं पोचून उभे राहतीन ना!"

महाराज अक्षता झटकत शांतपणे म्हणाले, "हंसायले सांगा, बापा, मुहूर्त अजून व्हाचा आहे."

दुसऱ्या एका लग्नाच्या व्हिडिओत सगळे इफेक्ट बसवून झाल्यावर मुलाकडच्यांनी सुरुवातीची दोन मिनिटं कापायला लावली. साडूंनी कापली. पण इफेक्टच्या पट्ट्या होत्या तिथेच राहिल्या. मग काय, सगळं दोन मिनिटांनी चुकलं. 'चि. सौ. कां.' अशी सोनेरी अक्षरं बॅन्डवाल्याच्या पोटावर उमटली, आणि पाकळ्यांचा वर्षाव झाला तो भाताच्या पातेल्यावर. दुसऱ्या दिवशी फोन आला, "भाऊ, कमळातून जावई निघाला पाहिजे होता. आमचा फुफा निघाला ना!" साडूंना घाम फुटला. परत पाठवा, उद्या दुरुस्त करून देतो, म्हणाले. पण तोवर फुफांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, तो व्हिडिओ चार वेळा पाहिला होता, आणि त्याला हात लावाल तर मी या घरी पाय ठेवणार नाही, असं बजावलं होतं. ते फुफा आजही कमळात आहेत.

अशा या माणसाकडे दोन वर्षांपूर्वी, पोळा झाल्यानंतरच्या एका शनिवारी, बपेऱ्याची एक मुलगी आली. तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. व्हिडिओ साडूंनीच केला होता, घरपोच दिलाही होता. मी खिडकीशी बसलो होतो. ती उभ्यानंच बोलली.

"भाऊ, विडिओत बाबा कुठं आहेत?"

साडूंनी खुर्ची तिच्याकडे फिरवली.

"श्रावणात गेले बाबा. रातच्यान छातीत दुखलं म्हणे, सकाळी संपलं. मी अख्खा विडिओ दोनदा पाह्यला. बाबा कुठंच नाहीत."

तिची आई तिच्या लहानपणीच गेलेली. म्हणून कन्यादानाला काका-काकू बसले, आणि बाप दिवसभर वाढप्यांच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, पाहुण्यांच्या पंगतीत. कॅमेऱ्यासमोर यायला त्याला सवडच झाली नाही. साडू म्हणाले, "बस बाई. पाह्यतो मी. असतीनच." साडू एक गोष्ट मात्र कधी करत नाहीत. शूटिंगचा मूळ माल ते पुसत नाहीत. भिंतीतल्या फळीवर गावांची नावं लिहिलेले डबे असतात, त्यांतून त्यांनी बपेऱ्याचा डबा काढला.

पुढच्या शनिवारी मी गेलो, तर दार आतून लावलेलं. मला आत घेऊन त्यांनी पुन्हा कडी घातली. चेहरा उतरलेला.

"सापडले, गुरुजी. चौदा सेकंद."

पाठवणीचं चित्र होतं. पुढे भर उन्हात सजवलेली गाडी, मुलीच्या गळ्यात पडून रडणाऱ्या बाया, कर्कश बॅन्ड. आणि मागे, मांडवाच्या काळ्या सावलीत, एक माणूस चालत येतो. दोन डोक्यांच्या मधून दिसतो, लपतो, पुन्हा दिसतो. शेवटच्या खांबापाशी थांबतो. कोणाला तरी काही विचारतो. मग गाडीकडे पाहत उभा राहतो, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसतो आणि पाठ फिरवतो.

"मग हे व्हिडिओत का नाही आलं?" मी विचारलं.

साडूंनी पडद्यावरच्या त्या सावलीवर बोट ठेवलं. "आलं ना. तो कोपरा लय काळा दिसत होता. मी तिथं हंस बसवला."

मला हसू येईना, आणि त्यांच्याकडे पाहवेना.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस साडूंनी दुसरं काम हातात घेतलं नाही. साडेतीनशे फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये तो माणूस थोडा पुढे सरकलेला. संगणकाच्या भरवशावर सोडलं तर उजेड सरळ रेषेत जायचा आणि माणूस मागे राहायचा. म्हणून जवळजवळ प्रत्येक पावलाला खुंटी. चार पट्ट्या एकावर एक: सावलीतला चेहरा उजळायचा, चित्र त्याच्याजवळ न्यायचं, पुढची गर्दी धूसर करायची आणि बॅन्डचा आवाज उतरवायचा.

"यातलं एकही एकमेकाच्या आधी नाही आलं पाहिजे," ते सांगत होते. "उजेड आधी आला तर चोरावर बॅटरी मारल्यासारखं दिसते. आवाज आधी उतरला तर लोकायले वाटते, टीव्ही बिघडला. पाह्यणाऱ्याले कळलंच नाही पाहिजे का कोणी काही केलं आहे."

साडूंच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो.

अडलं ते एका जागी. खांबापाशी तो माणूस काय विचारतो, ते लागेना. साडूंनी माझ्या कानाला हेडफोन लावले. "तुम्ही मास्तर आहा. मागच्या बाकावरचं पुटपुटणं तुम्हाले ऐकू येते. ऐका." मी वीसेक वेळा ऐकलं. ढोल, रडणं, गाडीचा हॉर्न. मग एकदा ओठांकडे पाहत ऐकलं, आणि शब्द सुटे झाले.

"डायवर जेवला का रे?" असं तो विचारत होता.

साडूंनी मान खाली घातली. मग सगळ्या पट्ट्यांवरच्या खुंट्या पुन्हा हलवायला घेतल्या, कारण आता सगळं त्या चार शब्दांवर येऊन मिळायला हवं होतं.

धानाची कापणी चालू असताना एका रविवारी आम्ही दोघं माझ्या गाडीवर बपेऱ्याला गेलो. मुलगी काका-काकूंकडे आली होती. साडूंनी चष्म्याच्या घरातून पेन ड्राइव्ह काढला, टीव्हीला लावला आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले. ते पडद्याकडे पाहत नव्हते. ते त्या तिघांच्या तोंडाकडे पाहत होते.

बॅन्ड वाजत होता. बाया रडत होत्या. मग कधी कोण जाणे, गर्दी विरघळली, बॅन्ड दूर गेला आणि सावलीतून एक माणूस चालत आला. त्याच्या दाढीचे पांढरे खुंट दिसत होते. तो थांबला आणि म्हणाला, "डायवर जेवला का रे?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांना माहीत. "हेच! दिवसभर हेच! पोरगी निघाली अन् भाऊजी डायवरच्या मागं, म्हणून मी त्यायच्यावर चिडली बी होती." काकांनी उठून टीव्हीवरची धूळ हातानं पुसली.

मुलगी पडद्याकडेच बघत होती. पडद्यावर बाप दुपट्ट्यानं तोंड पुसत होता.

"मले वाटलं, बाबा आलेच नाहीत गाडीपाशी," ती म्हणाली. "मी गाडीत बसल्यावर बी मागं वळून पाहत होती. सगळे होते, बाबाच नोहोते. पंचमीले आली तवा मी बोलली नाही त्यायच्याशी धड. वाटलं, जाऊ दे, दिवाळीले बोलू." तिनं पडद्याकडे बोट केलं. "दहा पावलांवर होते."

"नऊ," साडू दारातून म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं, तसे ते ओशाळले. "खांबापासून गाडीपर्यंत नऊच होती, बाई. गाडीपाशी यालेच निघाले होते ते. मी एकेक पाऊल पाह्यलं आहे."

तिनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "अजून एकदा लावता काय?"

साडूंनी लावलं आणि ते अंगणात गेले. आतून बॅन्डचा आवाज येऊ लागला, मग बारीक झाला. मी त्यांच्यामागे दाराशी आलो. अंगणात आता मांडव नव्हता, कापून आणलेल्या धानाचे भारे पडले होते. साडू त्या भाऱ्यांमधून वाट काढत कोपऱ्यात, मांडवाचा शेवटचा खांब होता त्या जागी उभे राहिले आणि तिथून रस्त्याकडे सावकाश चालू लागले. ओठ हलत होते. नवव्या पावलाला फाटकापाशी थांबले, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला आणि तिथेच उभे राहून घराकडे पाहत राहिले.