झाकण उघडं असताना

रबर जळू लागलं की आधी गोडसर वास येतो आणि मग घशात बसणारा कडू. भाद्रपदातल्या एका सकाळी धुळ्यात देवपुरातल्या आमच्या घरात न्हाणीकडून तो वास आला तेव्हा मी भाकरी थापत होते; ती तशीच परातीत टाकून उठले, आणि उठताना माझ्या हाताने आधी पदर कमरेला खोचला. मी त्याला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांची सवय हाताला माझ्याआधी आठवते.

त्या वर्षी भाद्रपद संपत आला तरी पाऊस हटत नव्हता. दोरीवर कपडे तीन-तीन दिवस लोंबत, त्यांना ओल्या पोत्याचा वास येई, आणि पांझरा नदीवरून येणारा वारासुद्धा कुणीतरी वापरून टाकलेला वाटे. माझ्या मुलाने, दिलीपने, दोन वर्षांपूर्वी धुण्याचं मशीन घेतलं होतं, त्यात एका बाजूला कपडे धुवायचे आणि दुसऱ्या बाजूला ते पिळून काढणारं लहान पिंप होतं. त्याला घरात ड्रायर म्हणत. माझ्या मनगटांत पीळ उरला नव्हता आणि सून वैशाली शाळेत शिकवायची, तिच्याकडे सकाळी वेळ नसे. तेव्हा घरात सगळं त्या पिंपावर चाले. आता ते नुसतं घुमायचं, दोन-चार गिरक्या घ्यायचं, दारुड्यासारखं एका अंगाला कलंडायचं आणि थांबायचं. वास त्यातून येत होता.

हनीफभाई आले. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं; मशीन त्यांनी म्हशीला वळवावं तसं भिंतीपासून वळवलं आणि मागचा पत्रा काढला. आत बोटाएवढा काळा पट्टा होता. मी वाकून पाहिला. एवढासाच, पण पट्टाच.

"पट्ट्याला काही झालेलं नाही, आक्का," हनीफभाई म्हणाले. "झाकण उघडलं की मोटर बंद पडते आणि ब्रेक लागतो, अशी याची रीत. आता झाकण लावलं तरी ब्रेक सुटत नाही, म्हणून घासून जळतोय. झाकणाचा स्विचपण गेला."

"मग नवा टाका."

"नाशिकहून मागवावा लागेल. महिना जाईल, दोन जातील. तोवर ब्रेक काढून डायरेक्ट करून देतो."

"करा डायरेक्ट," दिलीप म्हणाला. त्याला ऑफिसला उशीर होत होता.

"डायरेक्ट म्हणजे झाकण उघडं असताना फिरणार?" मी विचारलं.

हनीफभाईंनी पक्कड खाली ठेवली. "फिरणार. अन् थांबायला वेळ घेणार, ब्रेक नाही ना. थांबल्याशिवाय कुणी हात घालू नका बरं." मग हसले. "आक्का तर इंजिनिअर निघाल्या."

"कापसाच्या जिनात होते बारा वर्षं," मी म्हटलं. हनीफभाई पुन्हा तारांकडे वळले.

दोन तारांची टोकं पिळून एक केली, वर काळी टेप गुंडाळली, आणि पिंप असं फिरलं की त्याचा आवाज बारीक होत होत नुसती शीळ उरली. वैशालीने टाळी वाजवली. मला ती शीळ ओळखीची होती. पारोळ्याच्या जिनात सकाळी मोठा पट्टा वेग घ्यायचा तेव्हा अशीच निघायची, आणि ती ऐकू आली की आम्ही पन्नास बाया एकदम बोलायच्या थांबायचो, कारण त्यानंतर बोललेलं ऐकू येत नसे.

मी न्हाणीच्या दारात पाट टाकून बसू लागले. मशीन लागलं की मी पाटावर, बटणाकडे एक हात. दिलीपला मजा वाटायची. "आक्काला सिनेमा लागला बघा," तो म्हणायचा. शेजारीण म्हणाली, "तुमच्या सासूबाई मशीनला राखण बसतात, आम्हाला अशी सासू मिळायला हवी होती." वैशाली हसली नाही, चिडली. तिला वाटलं मी तिच्या कामावर नजर ठेवते. तिचंही खरं होतं. तिच्या हाताकडेच माझी नजर होती. शाळेची वेळ झाली की ती झाकण उघडायची, बटण फिरवायची आणि पिंप अजून गरगरत असताना त्याच्या काठाशी बोटं नेऊन त्याचा वेग कमी व्हायची वाट पाहायची, उकळत्या दुधाशी उभं राहावं तशी.

"थांबू दे आधी," मी म्हणायची.

"थांबलंच आहे, आक्का."

थांबलेलं नसायचं.

अशा सकाळी मला कापसाचा वास यायचा. बाहेरच्यांना वाटतं कापसाला वास नसतो. जिनातल्या कापसाला असतो: सरकीचं तेल, उन्हाची धूळ आणि तापलेला पट्टा यांचा मिळून एक उबदार, झोप आणणारा वास. हिवाळ्यात पहाटे आम्ही काकडत आत शिरायचो तेव्हा तो आईच्या कुशीसारखा वाटायचा. इतका बरा वाटायचा की त्यात भीती बाळगणं जमत नसे. पट्ट्यापुढे लोखंडी जाळी असायची. तिच्यात कापसाचे तंतू अडकायचे, ती भरून जायची, पट्टा घासायचा, आणि साफ करायला सगळं थांबवावं लागे. थांबलं की मुकादमाच्या शिव्या. म्हणून जाळी काढून खिळ्याला टांगायची, ही तिथली रीत. तपासणीचा साहेब येणार असला की लावायची. ज्या बाईचा हात रिकामा असेल ती काढी, ज्या बाईचा रिकामा असेल ती लावी.

आश्विन लागला आणि ऊन पडलं. ऊन पडल्यावर कपडे दोरीवर वाळले असते, पण एकदा सवय झाली की झाली. एका सकाळी मी गॅसवरचं दूध उतरवायला गेले, दोन मिनिटं, आणि आतून कापड फाटल्याचा आवाज आला. पळत आले तर वैशाली भिंतीला पाठ टेकून उभी, तोंडाला रंग नाही, आणि तिच्या पदराची वीतभर पट्टी उघड्या पिंपात गरगर फिरते आहे. साडी जुनी होती, विटलेली. म्हणून फाटली. नवी असती तर फाटली नसती.

मी बटण बंद केलं. पिंप थांबायला किती वेळ लागतो ते आम्ही दोघींनी उभ्याउभ्या पाहिलं.

त्या दिवशी ती शाळेत गेली नाही. दुपारी फाटका पदर मांडीवर घेऊन बसली होती. मला चार दिवसांनी जळगावला लेकीकडे जायचं होतं, तिच्या मुलीचं बाळंतपण होतं, महिनाभर तरी पाटावर बसणारं कुणी नसणार होतं. तेव्हा मी तिला कौतिकबाईचं सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तो मेला तेव्हा एक ऐकणारा कमी झाला एवढंच मनात आलं होतं.

कौतिक माझ्या शेजारी काम करायची. माझ्याच वयाची, पुढचे दोन दात मोठे, हसली की पदर तोंडावर धरायची. त्या दिवशी जाळी मी काढली होती. ती टोपली घेऊन पट्ट्यापुढून गेली आणि तिचं लुगडं नवं होतं, दिवाळीचं. फाटलं नाही. पुढचं मी वैशालीला सांगितलं नाही, इथेही सांगत नाही.

"मग?" वैशालीने विचारलं.

मग पट्टा थांबला. धूळ इतकी होती की पलीकडच्या बायांना काही दिसलं नव्हतं. मुकादम माझ्याजवळ आला. तो ओरडला नाही, हळू बोलला. "पहिले जायी लाव, मंग बठ्ठास्ले बलाव."

आधी जाळी लाव, मग सगळ्यांना बोलाव. मी लावली. खिळ्यावरून काढली, चारही आकडे बसवले. कौतिक तिथे होती आणि मी आकडे बसवत होते. नंतर साहेब आला, त्याने जाळी हलवून पाहिली, पक्की होती, आणि लिहून गेला की बाई बेपर्वा होती. तिच्या घरच्यांनीही तेच धरलं. तिची चार वर्षांची विमल त्याच बोलण्यात मोठी झाली की तुझ्या आईला आपला पदर सांभाळता आला नाही.

वैशाली खूप वेळ पदराच्या दशा ओढत राहिली. ती रडेल किंवा मला काही लागेलसं बोलेल असं वाटत होतं. तिने एवढंच विचारलं, "ती विमल आहे अजून?"

"पारोळ्याच्या स्टँडवर केळी विकते."

"तुम्ही तिला सांगितलं?"

मी उठून चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मशीन लागलं तेव्हा वैशालीने झाकण लावलं, पदर खोचला आणि माझ्या पाटावर जाऊन बसली. मांडीवर हात ठेवून, शीळ उतरून पूर्ण थांबेपर्यंत. मी दारातून पाहिलं. मला बरं वाटायला हवं होतं. पण ती पिंपाकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

धुळ्याहून जळगावची गाडी पारोळ्यावरून जाते. इतक्या वर्षांत शेकडो वेळा गेले असेन, आणि दर वेळी डाव्या बाजूची जागा धरते, कारण केळीवाल्या उजवीकडे बसतात. त्या दिवशी डावीकडे जागा नव्हती. गाडी स्टँडात शिरली, ब्रेक लागले आणि खिडकीतून तो वास आत आला, आधी गोडसर, मग कडू. बाहेर ऊन होतं. रस्त्याकडेने कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, नव्या हंगामाच्या पहिल्या, आणि विमल टोपलीवरच्या माश्या वारत बसली होती. केस पिकलेले, पुढचे दोन दात मोठे. कुणा गिऱ्हाइकाशी बोलताना ती हसली आणि तिने पदर तोंडावर धरला.

दहा मिनिटं गाडी थांबते. लोक चहा पिऊन आले, जागेवर बसले. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला आणि माझ्याकडे बघून थांबला, कारण मी उभी होते.

"आक्का, तिकीट तर जळगावचं आहे. उतरता का बसता?"

मी पिशवी उचलली आणि दुसऱ्या हाताने पदर कमरेला खोचला.