निळी दिसलेली भिंत

काचेच्या कारखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणत, कारण तिचा धाकटा दीर तिथेच भट्टीवर फिटर होता आणि दिवसातून दहा वेळा ‘वहिनी, वहिनी’ करत तिच्या खोलीत डोकावायचा. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिने चौदा वर्षं घर सांभाळलं, मुलं मोठी झाल्यावर ही नोकरी धरली. भट्टीच्या बाहेरच्या भिंतीवर चौसष्ट तापमापक होते. त्यांचे आकडे घेऊन रोज सकाळी तिने भिंतीचं रंगीत चित्र काढायचं. थंड ते निळं, तापलेलं ते लाल. भिंतीजवळ माणूस पाठवायचा की नाही, ते चित्र बघूनच ठरे.

त्या दिवशी चित्र निळंशार आलं. लाल ठिपका एकच, तोही बिघडलेल्या तापमापकाचा. चौदाशे अंश दाखवत होता बापडा. तिने खाली लिहिलं, ‘एक तापमापक नादुरुस्त, बाकी भिंत थंड,’ आणि चित्र पाठवून दिलं.

चहा पिता पिता तिची नजर आकड्यांच्या यादीवर गेली आणि कप हातातच राहिला. बिघडलेल्याच्या शेजारी तीनशे वीस. त्याखाली तीनशे चाळीस. तीनशेच्या वर भिंतीजवळ कुणी फिरकायचं नाही, हा नियम. मग निळं कसं?

किती अंशाला निळं आणि किती अंशाला लाल धरायचं, ती रंगपट्टीची टोकं ती रोज हाताने घालायची. आज घाईत संगणकावर सोडली होती. त्याने सगळ्यात मोठा आकडा लाल धरला, म्हणजे तो खोटा चौदाशे, आणि खरी आग निळ्यात बुडवून टाकली.

तिने टोकं घातली: खाली दीडशे, वर साडेतीनशे. क्षणात ताटाएवढा लालभडक डाग उमटला. आणि तो तापमापक बदलायला, तिच्याच चित्राच्या भरवशावर, दीर परांचीवर चढला होता.

तिने फोरमनकाकांना फोन लावला.

“काका, त्याला खाली उतरवा. आत्ता!”

“अहो वहिनी, सकाळी तुम्हीच निळं पाठवलंत ना? आता काय, रंग आवडला नाही?”

“चुकलं माझं. आधी उतरवा, मग काय बोलायचं ते बोला.”

फोन टेबलावर टाकल्याचा आवाज. दूर काकांची हाक. पंख्यांची घरघर. पुन्हा हाक. तिने रिसीव्हर इतका दाबून धरला की कान दुखायला लागला.

शेवटी दिराचाच वैतागलेला आवाज आला. “काय हो वहिनी, दोनच स्क्रू राहिले होते!”

“खाली आहेस ना?”

“खालीच आहे. पण झालं काय...”

पुढचं ऐकूच आलं नाही. मागे कुणीतरी ओरडलं, पळापळ झाली. मग काका धापा टाकत बोलले, “विटांतून वितळलेली काच फुटून आली, वहिनी. परांचीची फळी पेटलीय. माणसं सगळी बाहेर आहेत.”

तिने फोन ठेवला. नवीन चित्राखाली लिहिलं, ‘सकाळचं चित्र चुकीचं होतं. रंगपट्टीची टोकं मी घातली नव्हती.’ सही केली, साहेबांना पाठवलं, आणि मगच दिराला बघायला जिना उतरली.