चीफचं कंपाउंड

चीफ सिंगापूरच्या आमच्या बाराव्या मजल्यावरच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा नमस्कार करायच्या आधी त्यांनी गॅसचा कॉक तपासला. मग खिडकीचे गज ओढून पाहिले, बाहेर जाऊन जिना कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं, आणि परत येऊन म्हणाले, "हं, आता बसतो." भाड्याने खोली बघायला आलेला माणूस पंखा बघतो, कपाट उघडतो. या गृहस्थांनी खोलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, स्वयंपाकघरात ओढून म्हटलं, "हा माणूस नको. रोज माझी परीक्षा घेईल." मिलिंद म्हणाला, "अगं, सोमवार ते शुक्रवारच तर राहणार आहेत." झालं. चीफ राहायला आले आणि सोमवार ते शुक्रवार माझी परीक्षा घेऊ लागले.

नाव होतं त्यांना, पण जन्मभर बोटींवर इंजिनिअर आणि मग चीफ इंजिनिअर म्हणून काढल्यावर ते फक्त पासपोर्टपुरतं उरलं होतं. मूळचे रत्नागिरीकडचे. दोन हजार तेराच्या आसपास आमच्याकडे आले तेव्हा समुद्र सोडून हार्बरफ्रंट बंदरावरच्या एका शिपिंग ऑफिसात बोटींच्या सुरक्षिततेचं काम बघत होते. शुक्रवारी ऑफिस सुटलं की तिथल्याच टर्मिनलवरून फेरीबोटीने इंडोनेशियातलं बाताम, आणि तिथून लाकडी मोटारबोटीने एका छोट्या बेटावरचं लहानसं खेडं. तिथे त्यांचं घर होतं आणि घरात त्यांची बायको, यांती.

पन्नाशीत केलेलं हे लग्न इथल्या मराठी मंडळींना काही केल्या पचत नव्हतं. धर्माचं काय केलं, गावी कळवलं का, असे प्रश्न सगळ्यांना होते, पण चीफच्या तोंडावर विचारायची कोणाची छाती नव्हती. मग ते मला विचारले जात, तेही गणपतीच्या आरतीत. "परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही म्हणे तिकडे. सगळं तिच्या नावावर! एक दिवस देईल हाकलून." चीफच्या कानावर हे गेलंच. ते शांतपणे म्हणाले, "घर तिचंच आहे, वहिनी. मी शुक्रवारचा पाहुणा. पाहुण्याने हाकलण्यासारखं वागू नये, एवढंच."

बाहेर पडायच्या दोन वाटा दिसल्याशिवाय चीफ कुठे जेवायला बसत नसत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, आम्ही ताटं घेऊन उभे आणि हे टेबल नाकारत चाललेले. माझी लेक ईरा वैतागून इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणायची, "चीफकाका, रिलॅक्स ला!" त्यावर ते तिला गंभीरपणे सांगायचे, "इंजिनरूममध्ये आग बघितली आहे मी, बाळा. रिलॅक्स असलेले आधी सापडतात." सात वर्षांच्या पोरीला हे सांगायची गरज होती का? मी चांगलीच तडकले होते. पुढच्या खेपेला ईराने स्वतःहून दोन वाटा शोधून टेबल पकडलं, आणि चीफनी तिला आइसकाचांग, इथला रंगीत बर्फाचा गोळा, खायला घातलं.

या माणसाला पाच दिवस एकच घोर असे. यांती तिकडे एकटी. ती घराच्या पुढच्या खोलीत किराण्याचं दुकान चालवायची आणि केळ्याची भजी तळून विकायची. शेजारच्या गावात धक्क्यावरून होड्यांची इंजिनं चोरीला गेली, आणि चीफची झोप उडाली. त्यांनी ठरवलं, कंपाउंड घालायचं. यात त्यांचं कोकणही होतं. त्यांच्या वडिलांची जागा चुलत्यांनी दरवर्षी वीतभर गडगा सरकवून खाल्ली होती. कंपाउंड घातल्याशिवाय जागा आपली होतच नाही, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं होतं. यांती नको म्हणाली. चीफनी ऐकलं नाही.

भिंत पुरी झाल्यावर त्यांनी आम्हाला कौतुकाने बघायला बोलावलं, म्हणून आम्ही गेलो. किनाऱ्यालगत साठेक घरं, मशिदीचा हिरवा घुमट, वाळत घातलेली मासळी. एका घराला कुंपण नाही. कोंबड्या आणि पोरं कुठल्याही परसातून कुठल्याही परसात. आणि मधोमध चीफचं घर, चारी बाजूंनी पुरुषभर उंच सिमेंटची भिंत, वर काचा, पुढे लोखंडी फाटक. मला तर तुरुंगच वाटला. वस्तीचा मुखिया, ज्याला सगळे पाक एर-ते म्हणतात, आमच्याबरोबर चहाला बसला होता. त्याने चीफना मलायमध्ये काहीतरी विचारलं आणि चीफ हसले. "काय म्हणतोय?" मी विचारलं. "विचारतोय, तू आमच्यातल्या कोणावर रागावला आहेस? म्हटलं, कोणावर नाही रे बाबा, चोरांवर. तर म्हणतो, मग चोरांच्या गावात बांध." मलाही हसू आलं. पाक एर-ते मात्र हसला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका बुधवारी, आम्ही जेवत असताना चीफचा फोन वाजला. पाक एर-तेचा होता. चीफ ऐकत राहिले. हातातला घास हातातच. फोन ठेवून ते म्हणाले, "वहिनी, भिंत पाडली त्यांनी." माझा भडका उडाला. "काय सारखं भिंत भिंत! यांती कशी आहे?" "जिवंत आहे," ते म्हणाले, आणि उष्ट्या हातानेच उठून सकाळच्या फेरीची वेळ बघू लागले.

झालं होतं असं. भजी तळताना तेल पेटलं. स्वयंपाकघर मागच्या बाजूला. घरातून पुढे यायची वाट धुराने कोंडली, म्हणून यांती मागच्या दाराने परसात पळाली. परसात तीन बाजूंनी चीफची भिंत आणि चौथ्या बाजूला, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पेटलेलं घर. फाटक पुढे, आगीपलीकडे. ती आतून ओरडत होती आणि गाव बाहेरून. काचांमुळे चढताही येईना. शेवटी कोळ्यांनी पहारी आणि होडीचा नांगर आणून भिंत फोडली आणि तिला ओढून काढलं. एक हात खांद्यापर्यंत भाजला होता. दोन वाटा असल्याशिवाय न जेवणाऱ्या माणसाने बायकोला एकच वाट ठेवली होती. हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

सकाळच्या पहिल्या फेरीने ते गेले. बातामच्या हॉस्पिटलात यांती बरी होत होती, तेव्हा इकडे मंडळींनी निकाल देऊन टाकला. तिला सिंगापूरला आणा, फ्लॅट घ्या, विका ते घर. मिलिंदसुद्धा हेच म्हणाला. मीही म्हटलं. चीफ म्हणाले, "मी विचारलं तिला. ती म्हणते, तुमच्या बाराव्या मजल्यावर आग लागली तर माझ्यासाठी भिंत कोण फोडणार? शेजारणीचं नाव काय, ते तरी माहीत आहे का तुला?" मला आमच्या शेजारणीचं नाव माहीत नव्हतं. मी विषय बदलला.

त्या आठवड्यात चीफनी राजीनामा दिला. नोकरीची अजून काही वर्षं होती, साहेबांनी समजावलं, मिलिंदने समजावलं. "मिलिंदराव, पाच दिवस बोटी सांभाळायच्या आणि दोन दिवस बायको, हे चुकलं माझं. आता बोटी दुसरं कोणीतरी सांभाळेल." बोलण्यात कुठे खंत नाही, रडगाणं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

आम्ही तिघं हार्बरफ्रंटला पोचवायला गेलो. मी बेसनाचे लाडू दिले. सामानात जुन्या पोत्यात गुंडाळलेला भलामोठा घण होता. "अहो चीफ, बातामला घण मिळत नाही का?" "मिळतो. पण माझी भिंत मी माझ्या घणाने पाडणार. गावाने भगदाड पाडलं तेवढं पुरे, बाकीची त्यांच्यावर टाकणार नाही." स्कॅनिंगवाल्याने घण कशासाठी असं विचारलं तेव्हा चीफनी इंग्रजीत सांगितलं, "घरदुरुस्ती." ईरा रडायला लागली. चीफनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे वळून न बघता आत गेले. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही.

भिंत त्यांनी खरोखरच एकट्याने पाडायला घेतली. साठीकडे झुकलेला माणूस, उन्हात, रोज. यांती फोनवर मला तोडक्या इंग्रजीत सांगायची, "वहिनी, ऐकत नाही." वहिनी हा एवढा एकच मराठी शब्द ती बोलायची, पण ठसक्यात. पाक एर-ते रोज येऊन समोर विडी ओढत बसायचा. आठवडाभर त्याने नुसतं पाहिलं. मग एका सकाळी स्वतःचा घण घेऊन आला आणि दुसऱ्या टोकाकडून पाडायला लागला. गावातले पुरुष आळीपाळीने रात्री गस्त घालायचे; त्याच रात्रीपासून चीफनाही तिच्यात पाळी मिळाली.

पुढच्या वर्षी आम्ही न कळवता गेलो. भरदुपार होती. चीफच्या घराचं दार सताड उघडं, आत चटईवर चीफ घोरत पडलेले. मी पायरीवर पाय ठेवला मात्र, समोरून एक बाई ओरडली. बाजूच्या घरातून दुसरी. जाळं शिवत बसलेला एक म्हातारा उठून माझ्या आडवा आला. कोण? कुठून? काय काम? मिलिंदने मोडक्यातोडक्या मलायमध्ये "सिंगापूर, मित्र" वगैरे सांगून पाहिलं, पण म्हाताऱ्याचं समाधान होईना. त्याने बातामला बाजारात गेलेल्या यांतीला फोन लावून तो माझ्यासमोर धरला. पलीकडून "वहिनी!" असं ऐकू आलं आणि हशा. तेव्हा कुठे चेहरे निवळले, पण आत तरीही सोडलं नाही. रात्री त्यांची गस्त होती, झोपू दे त्यांना, असं त्या बाईने खुणेने सांगितलं आणि आम्हाला आपल्या ओसरीवर बसवून शहाळी फोडून दिली.

आम्ही तिथे बसून राहिलो. उघड्या दारातून घोरणं ऐकू येत होतं. आमच्या घरी चीफ वर्षानुवर्षं राहिले, पण एवढं गाढ झोपलेलं मी त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं.