भाऊजींची डावी बाही

रक्त घ्यायला आलेली ती परिचारिका जेमतेम विशीची असेल. भाऊजींची शीर काही केल्या सापडेना. तिनं डावी बाही कोपराच्या वर सारली, हात खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि सुई बाजूला ठेवून चक्क वाचायलाच लागली. मनगटापासून कोपरापर्यंत तीन ओळी, वयानं हिरव्या पडलेल्या... मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. तिनं भाऊजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि घाबरलेल्या माणसाला धीर द्यावा तशी हळूच म्हणाली, "झाला ना, आजोबा." भाऊजी म्हणाले, "हो का? मला घरात कुणी काही सांगतच नाही." ताईनं पदर तोंडाला लावला, मीही हसले, पोरगी लाजली आणि त्या गडबडीत तिला शीर सापडून गेली. ती आमची शेवटची भेट. त्याच आठवड्यात एका सकाळी भाच्याचा फोन आला, तेव्हा त्याला पुढचं बोलावं लागलं नाही.

दत्ताराम माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार परळ, वय ऐंशीच्या पुढं. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना त्याला मनमिळाऊ म्हणायची पद्धत आहे. भाऊजी मनमिळाऊ वगैरे नव्हते. घाईचे होते, हट्टी होते, आणि केलेल्या गोष्टीचा पश्चात्तापही घाईनंच करत. पण त्यांच्यासारखं स्वतःला हसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्यांच्यावर लिहायचं म्हणजे त्या हातावरच लिहायचं, कारण त्यांच्या आयुष्यातलं बरंचसं त्या हातामुळंच घडलं किंवा घडता घडता राहिलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. परळच्या चाळीत भाऊजी आणि त्यांचे चार दोस्त, त्यांतला भिकू सगळ्यांत जवळचा. भिकूचं अक्षर मोठं सुरेख. गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन तो भिंतीवर घोषणा लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी पोलीस येऊन तिच्यावर चुना फासायचे. भिकू पुन्हा लिहायचा, ते पुन्हा फासायचे. या प्रकाराला कंटाळून आमच्या भाऊजींच्या डोक्यातून कल्पना निघाली की जिथं चुना लागत नाही अशा जागी लिहायचं. पाचही जणांनी हातावर गोंदवून घ्यायचं ठरलं.

परळच्या पुलाखाली बॅटरीवरचं यंत्र घेऊन एक गोंदणारा बसायचा. त्याच्यासमोर नमुन्यांची पाटी: मारुती, विंचू, तुळस, कमळ, हातात हात. सुज्ञ माणसं विंचू घेत. गोंदणारा परमुलुखातला, त्याला आपली लिपी येत नव्हती, म्हणून भिकूनं ओली केली की जांभळी उमटणारी पेन्सिल काढली आणि भाऊजींच्या हातावर स्वतः तीन ओळी रेखून दिल्या. गोंदणाऱ्यानं त्या चित्रासारख्या गिरवायच्या. कल्पना ज्याची त्याचा पहिला नंबर. 'संयुक्त'मधल्या जोडाक्षरापाशी रक्त दिसलं तेव्हा एकाला घरचं काम आठवलं. महाराष्ट्र पुरा होईतो दुसरा गेला. 'झालाच'पाशी भाऊजींनी डोळे उघडले तर समोर गोंदणारा आणि भिकू, दोघंच. आणि "पाहिजे" संपल्यावर भिकूही पाटीवरच्या विंचवाकडे पाहत म्हणाला, "दत्ता, माझं मेल्या उद्या." पाच हातांची प्रतिज्ञा एका हातावर पार पडली.

भाऊजी फोर्टातल्या एका कचेरीत नुकतेच लागले होते. तिथल्या साहेबाचं ठाम मत की मुंबई वेगळीच राहिली पाहिजे, आणि ते मत तो दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवी. तेव्हापासून भाऊजींच्या अंगावर पूर्ण बाह्यांचा सदरा आला. मे महिना असो, पंखा बंद असो, बाहीचं बटण मनगटाशी लावलेलं. घामानं हात खाजायचा तेव्हा ते टेबलाखाली हात नेऊन खाजवायचे.

अशा सदऱ्यातच ते ताईला बघायला आमच्या फणसवाडीतल्या खोलीत आले. मी तेव्हा मॅट्रिकला होते, पोह्यांच्या बशा माझ्याकडे. उकाडा असा की भिंतींना घाम फुटावा. भाऊजींच्या कपाळावरून धारा लागल्या होत्या, आणि मोरीत हात धुताना त्यांनी उजवी बाही दुमडली, डावी तशीच भिजवून घेतली. एवढं आमच्या वडिलांना, आप्पांना, पुरे झालं. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क, संशय घेणं हा त्यांचा पेशाच. पाहुणे जाताच ते आईला म्हणाले, "मुलगा हात लपवतो. कोड असणार." त्या काळी कोड म्हटलं की ठरतं लग्न मोडायचं. वाईटच होतं ते, पण होतं. ताई मोरीपाशी बसून भाऊजींचा पेला घासत राहिली, स्वच्छ झाला तरी घासत राहिली. तिला हा मुलगा आवडला होता. आधीच्या दोघांनी तिला गाणं म्हणायला लावलं होतं, चालून दाखवायला लावलं होतं. यांनी एवढंच विचारलं होतं की तुम्हाला उकडत नाही का.

तिकडे परळात वेगळाच गोंधळ. सासरा सरकारी नोकर आहे हे भाऊजींना आमच्याकडे पोहे खाताना कळलं होतं. त्यांनाही ताई आवडली होती, आणि अशा घरात असला हात घेऊन शिरायचं कसं या विचारानं त्यांची झोप उडाली. चाळीतल्या कुणीतरी सांगितलं, चुना लाव, वर बिब्बा घास, कातडीसकट निघून जाईल. ज्या चुन्याला चुकवायला हात निवडला तोच चुना त्यांनी स्वतःच्या हातानं फासला. बिब्ब्यानं हात भोपळ्यासारखा सुजला. अक्षर मात्र एक गेलं नाही.

आणि नेमका त्याच रविवारी सकाळी आप्पांनी परळ गाठलं. त्यांचा डाव साधा होता. चाळीत पुरुष नळावर आंघोळ करतात, तिथं माणूस बाही कशी लपवणार? जाऊन पाहतात तो भाऊजी एका हातानं तांब्या ओतून घेताहेत आणि डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं. आप्पा तसेच मागे वळले. तेवढ्यात भाऊजींची आई जिन्यात आडवी आली. मालवणकडची बाई, दोन्ही हात गोंदणानं भरलेले. देवाघरी जाताना दागिने, भांडी, माणसं सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, अशी तिची श्रद्धा. पोरानं गोंदण पुसायला घेतलं म्हणून ती आधीच खवळलेली होती. आप्पांची शंका ऐकून ती म्हणाली, "माज्या झिलाक कोड-बिड काय नाय. अक्कल मात्र नाय." आणि तिनं भाऊजींना ओल्या पंच्यासकट पुढं ओढून फडकं सोडलं.

दुपारी आप्पा घरी आले. पाणी प्यायले. ताई दाराआड उभी, मी तिच्या मागं. आप्पांनी उठून रस्त्याकडची खिडकी लावली आणि मग म्हणाले, "कोड नाही. संयुक्त महाराष्ट्र आहे." आईला काही कळेना. नोकरीपायी आप्पांनी ती घोषणा कधी तोंडातून काढली नव्हती. फक्त आंघोळ करताना, पाण्याचा आवाज असताना, काहीतरी पुटपुटत, ते काय हे आम्हाला त्या दिवशी कळलं. शेवटी हेडक्लार्कला शोभेल असंच बोलले. "अक्षर फार सुरेख आहे," म्हणाले. लग्न ठरलं.

लग्नानंतरही बाही काही वर गेली नाही. मग एक मे उजाडला. गिरगावपासून लालबागपर्यंत दिवे, पताका, रस्त्यात अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. मी तेव्हा ताईकडेच होते. भाऊजी सकाळी मोठ्या ऐटीत, पहिल्यांदाच बाही कोपरापर्यंत दुमडून बाहेर पडले आणि दुपारी बाही खाली सोडून, तोंड पाडून परत आले. नाक्यावर जो तो त्यांचा हात धरून वाचत होता आणि म्हणत होता, झाला की रे, आता पूस. "शालू, आजवर भीतीनं लपवत होतो," ते ताईला म्हणाले, "आता लाजेनं लपवायचा. मिळालेली गोष्ट मी जन्मभर मागत बसणार." ताईनं सहज विचारलं की बिब्ब्यानं पुसला असता तर बरं झालं असतं का. त्यावर मात्र ते म्हणाले, "नाही. भिकूचं अक्षर आहे ते."

भिकूचा 'उद्या' आलाच नव्हता. गोंदल्यावर थोड्याच दिवसांनी, जानेवारीतल्या गोळीबारात, तो गेला. त्यानं रंगवलेल्या भिंती चुन्याखाली गेल्या, आणि त्याच्या हातचं जगात जे काही उरलं ते या एका हातावर. बिब्बा लावून सुजलेला हात रोज फडकं सोडून पाहताना अक्षरं गेली का हे पाहत होतो की राहिली का हे, ते आपल्याला आजही सांगता येणार नाही, असं भाऊजी म्हणाले. "त्याला बिचाऱ्याला कळलंच नाही, झाला ते."

ताई आरशापुढं बसली होती. तिनं काजळाची डबी उघडली, त्यांचा हात मांडीवर ओढला आणि तीन ओळींच्या खाली बोटानं चौथी ओळ लिहिली: झाला. भाऊजी बघत राहिले, मग हसायला लागले, हसता हसता रडले. संध्याकाळी ते बाही दुमडूनच बाहेर पडले.

त्यानंतर दर वर्षी एक मेला ताई काजळानं 'झाला' लिहायची. भाऊजी कधी कुरकुरत की बेळगाव राहिलंय, एवढ्यात लिहू नकोस. ताई म्हणायची, बेळगावला जागा नाही, हात संपला. बाही वर गेल्यापासून सगळं परळ त्यांना ओळखू लागलं. बाजारातली कोळीण तर नाव घ्यायचीच नाही, लांबूनच हाक मारायची, "ए झालाच पाहिजे, सुरमई ताजी हाय." भाऊजीही ओ द्यायचे.

ते गेले त्या सकाळी सगळी तयारी झाल्यावर ताईनं काजळाची डबी मागितली. भाचा गोंधळला, एक मेला अजून खूप अवकाश होता. ताई हळूहळू खाली बसली, डावी बाही वर केली आणि बोटानं तीच ओळ लिहिली: झाला. या खेपेस तीच अक्षरं ठळक होईतो पुन्हा पुन्हा गिरवली. भाच्यानं विचारलं, आई, आता कशाला? ती म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या, एवढंच बरोबर जातं. भिकूला वाचता आलं पाहिजे."

परवा मी परळला गेले तेव्हा त्यांचे कपडे बांधून ठेवले होते, कुणाला तरी द्यायचे म्हणून. सदरे सगळे धुतलेले, इस्त्री केलेले, आणि बहुतेकांच्या डाव्या बाहीला आतून काजळाचा डाग. तो कधीच निघायचा नाही, ताई दर वर्षी साबणाला नावं ठेवायची. एक सदरा तिनं दिला नाही. तो खुंटीवर आहे, डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली.