बाजाराची नाडी बघणारे साहेब

टेबलावर दोन बोटं टेकवायची, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने म्हणायचं, "नाडी लागली." कोळशाचा भाव वर जाणार की खाली, हे आमचे साहेब असं ठरवत. तुम्हीही असे साहेब पाहिले असतील. मी सहा वर्षं रोज पाहिले.

एका वीज कंपनीचं इंधन-खरेदीचं छोटं ऑफिस कणकवलीत होतं. कोळसा परदेशातून जहाजाने यायचा. तो कधी आणि किती घ्यायचा, याचा सल्ला आम्ही मुंबईला द्यायचा. भावांचा अभ्यास मी करायची आणि सल्ला साहेब द्यायचे. अंदाज बरोबर आला की मुंबईला फोन जाई, चुकला की साहेब खिडकीबाहेर बघत म्हणत, "मी चुकलो नाही, बाजार चुकला." दुपारी भारनियमनात आमचीच वीज जायची. तेव्हा साहेब फाइलीने वारा घेत देशाच्या ऊर्जाधोरणावर बोलायचे आणि शिपाई झोपून जायचा.

एकदा मुंबईच्या पाहुण्यांना जेवायला देवबागला नेलं होतं. वाढणारी बाई साहेबांकडे बघून हसली. "तू आमच्या वर्गात होतंस मां रे?"

साहेब ताटातून मान वर न करता म्हणाले, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी पुण्याचा."

सोलकढी मात्र बाईने त्यांनाच आधी वाढली. त्या दिवसापासून माझ्या मनातून हा माणूस उतरला तो कायमचा.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात भाव भडकले. रोज नवा उच्चांक. मी सांगितलं, आत्ता गरजेपुरता घेऊ, बाकीचा थांबून घेऊ, ही तेजी टिकणारी दिसत नाही. साहेबांनी बोटं टेकवली. भाव अजून दुप्पट होणार, वर्षाचा सगळा कोळसा आत्ताच या भावाने बांधून घ्या, असं त्यांनी मुंबईला कळवलं. अर्धवट खरेदी भित्र्यांची असते, हेही मला ऐकवलं.

पावसाळा सरता सरता भाव कोसळले. आमची महाग जहाजं मात्र येत राहिली. त्यांचा भार शेवटी लोकांच्या बिलांवर जाणार होता. साहेबांना त्याची चिंता नव्हती. त्यांची चिंता वेगळी होती, कारण मुंबईहून चौकशीला अधिकारी येत होते.

अधिकारी यायच्या आदल्या दिवशी साहेब माझ्या टेबलापाशी आले. इतक्या वर्षांत प्रथमच स्वतःहून आले. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून हळूच म्हणाले, "माका सांभाळून घे गो. सल्लो तुझो होतो असा सांग. तू ल्हान, तुका माफ करतीत. माझी नोकरी जातली."

पुण्याच्या माणसाची मालवणी अगदी स्वच्छ होती.

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोरच अधिकाऱ्यांना शुद्ध मराठीत सांगितलं की सल्ला माझाच होता, त्यांनी केवळ विश्वास ठेवला. मी घडलं तसं सांगितलं. तो सल्ला फोनवर मुंबईला गेला तेव्हा शिपाई तिथेच होता; त्यालाही बोलावलं, तोही घडलं तसंच बोलला. साहेबांचा राजीनामा घेतला गेला. जाताना त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही.

काजूच्या हंगामात एक म्हातारे गृहस्थ ऑफिसात आले. धोतर, डोक्यावर टोपी, हातात ओल्या काजूंची पिशवी. दारातूनच विचारलं, "माझो झील खंय बसता?" मुलाचं नाव सांगितलं, ते साहेबांचंच होतं. बापाला त्याने काही कळवलंच नव्हतं.

मी सांगितलं, ते नोकरी सोडून गेले.

"मगे आता खंय आसा?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. मी चहा मागवला. चहा झाल्यावर त्यांनी मुलाची खोली बघता येईल का, असं विचारलं. ती रिकामीच होती. चपला बाहेर काढून ते आत गेले, तिरकी राहिलेली खुर्ची त्यांनी सरळ केली, पण तिच्यावर बसले नाहीत. पिशवी माझ्या हातात दिली.

"ह्यां तुमीच खावा. तो भेटलो तर सांगा, आवस आता चालता-फिरता."

सांगते म्हटलं. त्याची आई आजारी होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.