सत्कार झेलत चाकणपर्यंत

सायकलवर टांग टाकायच्या आधीच माझा पहिला सत्कार झाला. रविवारी सकाळी रहाटणीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर चेअरमनसाहेबांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि "इकडे बघा, इकडे" म्हणत फोटो काढून घेतला. मी निघालो होतो चाकणला, म्हणजे जेमतेम पंचवीस किलोमीटर. बायको म्हणाली, "अहो, आधी परत तर येऊ द्या त्यांना!"

तिचं काही चुकलं नव्हतं. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला मी पुढच्या महिन्यात रहाटणी ते कोल्हापूर सायकल चालवणार होतो. निमित्त होतं मिलिंद कांबळेचं. हा आमच्या खालच्या मजल्यावरचा. कारखान्यात प्रेस मशीनवर काम करताना त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. वस्तू धरता येतील अशी कृत्रिम बोटं बसवता येतात, पण त्यांची किंमत आम्हा दोघांच्याही आवाक्याबाहेरची होती. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी जोशात बोलून गेलो, "मी कोल्हापूरपर्यंत सायकल चालवतो, लोक किलोमीटरमागे पैसे देतील." बोलली जीभ, अडकले बिचारे पाय. आजची फेरी म्हणजे सराव आणि वर्गणी, दोन्ही एकदम.

दुकानदाराने मला आत गादी शिवलेली एक घट्ट चड्डी विकली होती. पिंपळे सौदागरच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने आधी ती चड्डी पाहिली, मग माझं तोंड पाहिलं आणि मान फिरवली. नाशिक फाट्याच्या पुलावर एका आजोबांनी मला मागे टाकलं. त्यांच्या सायकलच्या हँडलला दुधाची किटली होती. मी बुटाची नाडी बांधायची आहे असं दाखवून थांबलो.

भोसरीत एका मित्राच्या कामगार संघटनेचं ऑफिस आहे. मी मिलिंदचा विषय काढताच मित्र म्हणाला, "मदतीचं आपण निवांत बसून बोलू, राव. आधी सत्कार!" पुन्हा शाल, पुन्हा नारळ, वर भाषण. मोशीत एका तरुण मंडळाने तर चौकात फ्लेक्स लावला होता. त्यावर माझा लग्नातला फोटो (कुठून पैदा केला देव जाणे) आणि खाली 'सायकलवीर'. वीर तेव्हा घामाने निथळत फुटपाथवर बसला होता. तिथेही शाल आणि नारळ, शिवाय हार. या सगळ्याच्या खर्चात मिलिंदचं एखादं बोट तरी नक्की आलं असतं, पण गळ्यात हार असताना हे बोलायचं कसं? मी हसून नमस्कार केला आणि कॅरिअरवरची शाली-नारळांची पिशवी आणखी करकचून बांधली.

इंद्रायणी ओलांडली आणि कंटेनरचं राज्य सुरू झालं. एकेक कंटेनर शेजारून गेला की सायकल हेलकावे खायची आणि मागे नारळ एकमेकांवर आपटायचे. चाकणला बाजाराजवळ गरम कांदाभजी दिसली आणि सरावाचा आहार वगैरे सगळं मी विसरलो. दोन प्लेट खाल्ल्या. हे पुढे महागात पडलं.

शेवटचा मुक्काम रशीदभाईंचा कारखाना. इथे जायची मला खरं तर धास्ती होती. माझी नोकरी कंपनीच्या क्वालिटी विभागात, आणि रशीदभाई आम्हाला पार्ट पुरवतात. म्हणजे त्यांचा माल मापून नापास करायचा, हेच मी वर्षानुवर्षं करत आलोय. आता त्यांच्याच दारात झोळी पसरायची!

रशीदभाईंनी पाणी दिलं, मिलिंदचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कमी पडतील तेवढे सगळे पैसे मी देतो."

माझा कानांवर विश्वास बसेना.

"पण साहेब, सॅम्पल पास झालं तरच. आज इथून घरापर्यंत सायकलवर जायचं. टेम्पोत बसलात की लॉट रिजेक्ट."

"आणि तपासणार कोण?"

"तुम्हीच. माझा माल इतकी वर्षं तपासलात, आज स्वतःचा तपासा."

सायकल उचलली आणि निघालो. डोक्यावर ऊन, पोटात भजी. चिंबळी फाट्याच्या अलीकडे पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याकडेला ओरडलोच. एक टेम्पोवाला थांबला. "काका, टाका सायकल मागं. पार नाशिक फाट्याला सोडतो." कुणी बघणारं नव्हतं. टेम्पोत सावली होती, गाणी लागली होती. खोटं कशाला बोलू, मी एक पाय उचललासुद्धा होता. मग मिलिंदला उद्या काय सांगायचं, हा विचार आला आणि पाय खाली ठेवला. टेम्पो गेल्यावर मात्र मी स्वतःला दोन शिव्या घातल्या.

चिंबळी फाट्यावर एक म्हातारी माळवं (भाजीपाला) विकत बसली होती. "बसा की जरा. ह्ये नारळ कुनाच्या लग्नातलं?"

"सत्काराचे आहेत, मावशी."

"आसं व्हय? काय केलंत म्हनून सत्कार?"

"अजून काहीच नाही."

ती एवढी हसली की तिला ठसकाच लागला. "मंग आदी करा की काईतरी!" तिने दगडावर एक नारळ फोडला आणि मला पाणी प्यायला दिलं. माझी बाटली कधीच संपली होती. बाकीचे नारळ मी तिलाच देऊन टाकले.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मिलिंद जिन्यापाशी वाट बघत बसला होता. मी त्याच्या शेजारी अक्षरशः कोसळलो आणि फोन स्पीकरवर टाकला.

"रशीदभाई, पोचलो. पण दोनदा उतरून सायकल ढकलत आणली. तेवढं नापास धरा."

रशीदभाईंनी एकच शब्द विचारला.

"टेम्पो?"

"नाही."

"माझ्या मालाला अशी सूट तुम्ही कधी दिली नाहीत, साहेब. पण मी देतो. पास! उद्या मिलिंदला बोटांचं माप द्यायला पाठवा. आणि कोल्हापूर पुरं करायचं, बरं का."

फोन ठेवला आणि मला रडूच फुटलं. पाय दुखत होते म्हणून, असं मी सांगितलं. सगळ्या वाटेने लोकांनी मला न केलेल्या कामाची शाबासकी दिली होती. एकट्या या माणसाने काम सांगितलं, आणि मला बरं वाटलं ते त्याच्याच 'पास'मुळे.

मिलिंद शेजारी सगळं ऐकत होता. मग एकदम हसत सुटला. "म्हणजे दादा, शेवटी तुमचाच माल वशिल्याने पास झाला! द्या टाळी!"

अपघातापासून त्याने उजवा हात चारचौघांत कधी खिशाबाहेर काढला नव्हता. हसण्याच्या भरात आज तोच पुढे आला होता. मी सणसणीत टाळी दिली. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. त्याने हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात तसाच पुढे ठेवला.