मेरिदाचा राजमा

तासभर झाला तरी पिरॅमिडकडे कोणी बघत नव्हतं.

मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात मी स्क्रीनवर मेक्सिकोतलं मेरिदा दाखवत होतो. स्पॅनिश लोकांनी वसवलेलं जुनं शहर, रंगीत घरं, मोठं चर्च. थोड्या अंतरावर माया लोकांचे पिरॅमिड. समोर इथली मराठी कुटुंबं. त्यांचे पुढारी दोन. वादी कबीरचे जोशीकाका, शुद्ध शाकाहारी. आणि मूळचे रत्नागिरीचे, रुस्ताकमध्ये दुकान असलेले हमीदचाचा, हलालच्या बाबतीत कडक. जुने मित्र, पण ट्रिपला गेले की दोन हॉटेलं शोधावी लागतात.

"साळवी, ते दगड राहू देत," काका म्हणाले. "रात्री जेवायला काय?"

मी ग्राउंड हँडलरला विचारलं. म्हणजे तिथली कंपनी, जी आपल्या ग्रुपची गाडी, गाइड, जेवणखाण सांभाळते. उत्तर आलं की काळा राजमा आणि मक्याची भाकरी सगळ्यांना चालेल.

मीटिंगचा नूरच पालटला. राजम्याला हलाल-हराम कसलं, असं चाचांनी जाहीर केलं. माया लोक मुळात शाकाहारीच होते, असा शोध काकांनी जागच्या जागी लावला. सगळे एका टेबलावर जेवणार म्हणून टाळ्या पडल्या. आमचे मॅनेजर नायरसाहेबही खूश. हा ग्रुप हातचा गेला तर मला परत तिकीट काउंटरवर बसवीन, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

मंडळी गेल्यावर सवयीप्रमाणे मी हँडलरला आणखी एक विचारलं. राजम्याला तेल कुठलं?

तेल नाही, तो म्हणाला. डुकराची चरबी. चव त्यातच असते.

काका आणि चाचा, दोघांनाही एकाच पातेल्यात बुडवणारा पदार्थ मी पहिल्यांदाच बघत होतो.

नायरसाहेबांना सांगितलं तसं त्यांनी केबिनचं दार लावलं. "बोलने का नहीं, साळवी. उधर खाएंगे, तारीफ करेंगे. यल्ला, चलो, कन्फर्म करो."

आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिला माणूस मी. टुरिझमची डिग्री फ्रेम करून टेबलामागे लावली आहे. तिच्याखाली बसून चरबी झाकायची माझी तयारी नव्हती. दोघांना बोलावलं आणि सांगून टाकलं.

चाचा काकांकडे वळून म्हणाले, "जोशी, तुझे माया शाकाहारी होते ना?"

काका हसले नाहीत. पण ट्रिप कॅन्सलही केली नाही. म्हणाले, हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर बघ. चाचांनी फक्त एक अट घातली, कांदा-लसूण चालला पाहिजे. त्यावर दोघांचं पुन्हा तासभर चाललं.

ग्रुप गेला आणि सुखरूप आला. मेरिदात रोज सकाळी भाजी चिरायची, दुपारी भात लावायचा. पिरॅमिडला अर्धा दिवस मिळाला, त्यातला बराचसा डबे उघडण्यात गेला. आलेल्या फोटोंत पिरॅमिड एकदाच दिसतो, जोशीकाकूंच्या खांद्यामागे, कुकरच्या डावीकडे.

परत आल्यावर काकांनी फोन केला. "फार सुंदर शहर, साळवी. भात अगदी मोकळा होतो तिथे."

नायरसाहेब आता हेच पॅकेज 'होमली हेरिटेज' नावाने विकतात आणि कल्पना आपलीच असल्याचं सांगतात. मी तिकीट काउंटरवर गेलो नाही. शिकलो एवढंच की आपल्या माणसांना जग दाखवायचं असेल, तर आधी तिथला गॅस कसा पेटतो ते बघून ठेवावं.